नवी माधुकरी

२०२५ सालच्या श्रावणांतील गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपून मी वढू बुद्रुकच्या आमच्या वाड्याच्या ओटीवर सुपारी कातरीत बसलों होतों. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. इतक्यांत वाड्यांतलीं तीन आणि शेजारचीं दोन अशीं पांच मुलें एक वही व एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन माझ्यापुढें उभीं राहिलीं. सर्व नववी-दहावींतलीं. पुढारीपण आमच्या थोरल्या नातीकडे होतें.

“आजोबा, आम्ही वर्गणी गोळा करीत आहोंत. पहिलें नांव तुमचें घालायचें आहे.”

“गणपतीची ना? यंदां फार लवकर निघालांत!” असें म्हणून मीं खिशांत हात घातला.

“गणपतीची नाहीं, आजोबा. मुगाची!” नात म्हणाली, आणि सर्व मुलें हसलीं.

मुगाची वर्गणी हा शब्दप्रयोग मला नवीन होता. परंतु वही उघडून पाहिली तेव्हां उलगडा झाला. वाचकांस स्मरत असेलच कीं, २५ जून २०२५ रोजीं आपले शुभांशु शुक्ला अवकाशांत गेले व तेथील आंतरराष्ट्रीय स्थानकांत सुमारें १८ दिवस राहून १५ जुलैस परत आले. १९८४ सालीं राकेश शर्मा गेले, त्यानंतर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे हे दुसरेच भारतीय नागरिक. त्यांच्याबरोबर जे प्रयोग गेले, त्यांपैकीं एक अगदीं आपल्या स्वयंपाकघरांतला होता. मूग आणि मेथी यांच्या दाण्यांना तेथें मोड कसे येतात, आणि त्यांचें सत्त्व पालटतें किंवा काय, हें पाहावयाचें होतें. हा प्रयोग योजिला होता धारवाडच्या कृषि विद्यापीठानें व तेथील आय. आय. टी. नें. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यांतलें धारवाड, आणि आपल्या रोजच्या उसळींतला मूग! मुलांना वाटलें, हें आपल्यालाही करतां येईल.

आतां अवकाशांत दाणे धाडणें हें वढूच्या मुलांच्या आवांक्यांतलें नव्हे, हें तींही जाणून होतीं. त्यांनीं जें योजिलें तें असें.

अवकाशांत गुरुत्वाकर्षण नसतें असें आपण सहज म्हणून जातों. तें खरें नव्हे. तें स्थानक भूमीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतें, आणि तेवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ शेंकडा दहा-बाराच काय ती कमी होते. परंतु स्थानक आणि त्यांतील यच्चयावत् वस्तु एकाच वेगानें पृथ्वीभोंवतीं पडत असतात, म्हणून कोणाचाच भार कोणावर राहत नाहीं. दोर तुटून घागर विहिरींत पडूं लागली, म्हणजे तेवढा वेळ घागरींतील पाण्याचा भार तिच्या बुडावर नसतो, तसेंच हें.

भाराचा आणि मुगाचा संबंध असा. मुळाच्या टोकाशीं कांहीं पेशींत पिष्टाचे बारीक कण असतात. ते जड असल्यामुळें पेशीच्या तळाशीं बसतात, आणि ते ज्या बाजूस बसले ती खालची, असें मूळ ओळखतें. म्हणून दाणा कसाही पेरला तरी मूळ खालीं जातें व कोंब वर येतो. भारच नाहींसा झाला, तर मुळानें वळावें कोणीकडे?

ह्या प्रश्नाचा विचार अवकाशयानांच्या फार पूर्वींपासून चालू आहे. इंग्लंडांतील टॉमस अँड्र्यू नाइट ह्या गृहस्थानें १८०६ सालीं पाण्यावर चालणाऱ्या चाकास दाणे बांधून चाक वेगानें फिरविलें, तेव्हां मुळें चाकाच्या बाहेरच्या बाजूस व कोंब कण्याकडे वळले. पुढें त्याच शतकांत उलट युक्ति निघाली. रोप आडव्या कण्यावर अगदीं सावकाश फिरवावयाचें, म्हणजे क्षणोक्षणीं खालची बाजू बदलत जाते. भार नाहींसा होत नाहीं. त्याची दिशा मात्र हरवते. आमच्या मुलांना असेंच, मिनिटास एक फेरा घेणारें चाक करावयाचें होतें. वहींत अंदाजपत्रक मांडलें होतें: सावकाश फिरणारी मोटर ४५० रुपये, बॅटरी व ती भरण्याचें यंत्र ७८०, तबकड्या व लांकडी चौकट ५२०, उष्णतामापक २१०, कापूस, टीपकागद, वही वगैरे १९०. एकूण २,१५०. मूग घरचा!

मी कौतुकानें वही पाहत होतों, इतक्यांत माजघराच्या दारांतून आमच्या वहिनी बोलल्या. वयानें व अधिकारानें त्या वाड्यांत वडील, आणि त्यांचा शब्द कोणी मोडीत नाहीं.

“भावजी, प्रयोग करायचा तर खुशाल करूं दे. पण आपल्या घरच्या मुलांनीं डबा हालवीत दारोदार हिंडावें, हें मला बरें दिसत नाहीं. दोन-अडीच हजार रुपये काय ह्या घराला जड आहेत? तुम्ही द्या, नाहीं तर मी देतें.”

मुलांचे चेहरे उतरले. पैसे मिळण्याचें आश्वासन मिळालें असतांना चेहरे उतरावे, हें मला विचार करण्यासारखें वाटलें. मीं म्हटलें, “वहिनी, मला रात्रभर विचार करूं द्या.”

वहिनींचा आक्षेप क्षुल्लक नव्हे. आपल्यासारख्या घरांत दुसऱ्यापुढें हात पसरण्याची लाज बाळपणापासून शिकविलेली असते, आणि ती शिकवण चांगलीच आहे. परंतु त्याच घरांतली एक दुसरीही शिकवण आहे, तिचा आपल्याला विसर पडत चालला आहे. माझे वडील पुण्यास शिकले ते वार लावून आणि माधुकरी मागून. सात वारांचीं सात घरें. आणि एखादें घर चुकलें तर झोळी. ते ही हकीकत सांगतांना कधींही ओशाळले नाहींत. मधुकर म्हणजे भुंगा. तो एकाच फुलाला ओरबाडीत नाहीं. प्रत्येकाजवळून थोडें घेतो. माधुकरींत लाज नव्हती, ह्याचें कारण मागणारा त्या अन्नावर विद्या करतो आहे हें देणाऱ्या घराला रोज दिसत असे. तो उनाडक्या करूं लागला, तर दुसऱ्या दिवशीं दार बंद! भिक्षा आणि माधुकरी ह्यांतला भेद हाच. एकींत देणें संपलें कीं संबंध संपला. दुसरींत देण्यानें संबंध सुरू होतो.

पैशाच्या बाबतींतही महाराष्ट्रानें हें करून दाखविलें आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं पैसा मागून जो पैसाफंड उभारला, त्यांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. एखाद्या धनिकानें सर्व रक्कम दिली असती तर कारखाना लवकर निघाला असता. परंतु तो हजारों लोकांचा झाला नसता.

शाळकरी मुलांनीं अवकाशांतील जीवशास्त्राच्या प्रयोगाकरितां गांवापुढें हात पसरावा, हेंही आतां जगांत नवें राहिलेलें नाहीं. १९७३ सालीं अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकांत दोन कोळी पाठविण्यांत आले, ते जूडिथ माइल्स नांवाच्या लेक्सिंग्टन गांवच्या शाळकरी मुलीच्या सूचनेवरून. भाराविना कोळी जाळें विणूं शकेल काय, हा तिचा प्रश्न. पहिलें जाळें अगदीं वेडेंवाकडें झालें. परंतु थोड्याच दिवसांत कोळी सरावला व जवळजवळ घरच्यासारखें जाळें विणूं लागला. दोन्ही कोळी मात्र वांचले नाहींत. त्या वेळीं खर्च सरकारनें केला. पुढें शटल यानांतून विद्यार्थ्यांसही भाड्यानें पेटी मिळूं लागली. लहानांत लहान पेटीचें भाडें ३,००० डॉलर. जून १९८३ मध्यें सॅली राइड ह्या पहिल्या अमेरिकन स्त्री-अंतराळवीर ज्या यानांतून गेल्या, त्यांतच न्यू जर्सींतील कॅमडेनच्या शाळांतील मुलांनीं मुंग्यांचें वारूळ पाठविलें होतें. परत आल्यावर पेटी उघडली, तों मुंग्या मेलेल्या!

२०१० सालीं तिकडे विद्यार्थ्यांच्या प्रयोगांची एक योजना निघाली. एकेका गांवांतील शेंकडों मुलें आपापल्या कल्पना लिहून देतात, त्यांतून एक निवडली जाते, आणि वीतभर लांबीच्या एका नळींत तो प्रयोग बसवून अवकाशस्थानकाकडे रवाना होतो. नळीचे कप्पे चिमट्यांनीं बंद केलेले असतात. ठरलेल्या दिवशीं अंतराळवीर चिमटा काढतो, आणि त्याच दिवशीं मुलें शाळेंत तसल्याच दुसऱ्या नळीचा चिमटा काढतात; म्हणजे तुलना करावयास भूमीवरचा जोड प्रयोग मिळतो. ह्यास गांवागणिक वीस हजार डॉलरांहून अधिक खर्च येतो, आणि तो बहुतांशीं गांवानेंच व्यापारी, संस्था व पालक ह्यांजकडून जमवावयाचा असतो.

२८ ऑक्टोबर २०१४ रोजीं असे १८ प्रयोग घेऊन निघालेला अग्निबाण उड्डाणानंतर कांहीं सेकंदांतच फुटला. मुलांचे महिन्यामहिन्यांचे श्रम आणि गांवोगांवची वर्गणी डोळ्यांदेखत जळाली. त्यांतील बहुतेक मुलांनीं पुन्हां नळ्या भरल्या, आणि जानेवारी २०१५ मध्यें त्या दुसऱ्या अग्निबाणांतून वर गेल्या. त्याहूनही दारुण प्रसंग १ फेब्रुवारी २००३ चा. कल्पना चावला ज्या यानांत होत्या त्या कोलंबियामध्यें ऑस्ट्रेलियांतील मुलांचे कोळी होते, चीनमधील मुलांचे रेशमाचे किडे होते, जपानमधील मुलांचे मासे होते. यान परततांना विदीर्ण झालें व सातही अंतराळवीर गेले. त्या मुलांनीं मृत्यूचा आणि विद्येचा संबंध किती लहान वयांत पाहिला असेल!

आपल्या देशांत हा भार अद्यापि सरकार आणि विद्यापीठें हींच मुख्यतः उचलतात. ३० डिसेंबर २०२४ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अग्निबाणांत चवळीचे ८ दाणे होते. त्यांस चार दिवसांत मोड आले व ६ जानेवारी २०२५ च्या सुमारास पानेंही फुटलीं. त्याच उड्डाणांत मुंबईच्या एका विद्यापीठाच्या पालकाच्या पेशी होत्या. आपल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं किलोभराहून कमी वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह करून २२ जून २०१६ रोजीं वर धाडला, त्याचा पहिला विचार २००८ सालचा. तेव्हां आपल्या मुलांस हा मार्ग अगदींच परका नाहीं.

परंतु रात्रीं मला झोंप लागली नाहीं, ती ह्या गोष्टी आठवून नव्हे. मला माझा जुना डबा आठवला.

१९८६ सालीं मी एका शाळेंत नवा शिक्षक होतों. त्या वर्षीं हॅलेचा धूमकेतु येणार होता. दुर्बीण घेण्याकरितां मीं मुलांकडून वर्गणी जमविली. कोणी रुपया, कोणी आठ आणे. एक मुलगा तर रोज चार-चार आणे आणून देई. एकूण १८६ रुपये जमले. तेवढ्यांत दुर्बीण येणें शक्य नव्हतें. म्हणून १४० रुपयांस एक जुनी द्विनेत्री घेतली. तिच्या एका भिंगास बुरशी होती, तें मला घेतांना कळलें नाहीं. धूमकेतु त्या फेरींत पृथ्वीपासून दूरच राहिला, आपल्याकडे क्षितिजाजवळ मंद दिसे, आणि आम्हीं मुलांना पहाटे टेकडीवर नेलें त्या दिवशीं आभाळ आलेलें. मुलांना कांहींही दिसलें नाहीं. उरलेल्या ४६ रुपयांचा मीं वर्गासाठीं नकाशा घेतला. पैशाला पैसा लागला. मीं एक पैही खाल्ली नाहीं. परंतु हें मीं मुलांना कधींच सांगितलें नाहीं. प्रयोग फसला ह्याची मला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीं हिशेबही राहून गेला.

वीस-बावीस वर्षांनीं एका लग्नांत तो चार-चार आणे देणारा मुलगा भेटला. आतां तो दोन मुलांचा बाप. पायां पडून झाल्यावर हसत हसत त्यानें विचारलें, “गुरुजी, आमच्या दुर्बिणीचें पुढें काय झालें हो?” त्याच्या मनांत कांहीं नव्हतें. परंतु माझ्या तोंडून उत्तर निघालें नाहीं. त्या मुलाला धूमकेतु दिसला नाहीं हा आभाळाचा दोष. त्याला हिशेब मिळाला नाहीं हा माझा.

सकाळीं मीं मुलांना व वहिनींना ओटीवर बोलाविलें व ही हकीकत सांगितली. मग मुलांना विचारलें, “तुमचा प्रयोग फसला, तर ज्यांनीं पैसे दिले त्यांना काय सांगाल?” कोणी बोललें नाहीं. एक धाकटा म्हणाला, “फसणार नाहीं, आजोबा.” मीं म्हटलें, “मग आज वर्गणी मिळणार नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं नात एकटीच वही घेऊन आली. वहीचीं शेवटचीं पानें तिनें आंखलीं होतीं. एकावर देणाऱ्यांचीं नांवें, दुसऱ्यावर खर्च, तिसऱ्यावर ‘काय दिसलें’, आणि चौथ्यावर ‘काय चुकलें’. चवथें पान सर्वांत मोठें ठेविलें होतें. तें पाहून वहिनींनीं कांहीं न बोलतां अकरा रुपये आणि निवडलेल्या मुगाची एक वाटी आणून दिली. सबंध रक्कम देण्याची गोष्ट त्यांनीं पुन्हां काढली नाहीं. फक्त एवढेंच बजावलें, “हिशेब मला वाचून दाखवायचा. डोळ्यांनीं मला आतां बारीक अक्षर लागत नाहीं.”

मुलें ५८ घरीं गेलीं. २,३१० रुपये जमले. कोजागरीच्या रात्रीं वाड्याच्या अंगणांत दूध आटत असतांना देणाऱ्यांपैकीं बरीच मंडळी जमली, आणि नातीनें वही वाचली.

पहिल्या खेपेस दाणे फार भिजवले गेले. बुरशी येऊन सर्व कुजले. दुसऱ्या खेपेस रात्रीं तार सुटून चाक थांबलें, व किती वेळ थांबलें हें कोणालाच माहीत नसल्यामुळें ती खेप रद्द केली. नवी तार व जोडणी ह्यांस ९५ रुपये जास्त लागले. तिसरी खेप साधली. स्थिर तबकडीवर वीस दाण्यांपैकीं एकोणीस रुजले, त्यांचीं मुळें खालीं गेलीं. फिरत्या तबकडीवर अठरा रुजले; त्यांचीं मुळें कोठेंही गेलीं. कांहीं वर, कांहीं आडवीं, एक तर वाटोळें फिरून आपल्याच दाण्याकडे आलेलें. खर्च २,२४५, शिल्लक ६५.

मंडळींनीं टाळ्या वाजविल्या. वहिनींनीं वाजविल्या नाहींत. त्यांनीं विचारलें, “दोन्ही तबकड्यांना पाणी सारखेंच घातलेंत का?”

मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. नात म्हणाली, “तिसऱ्या खेपेला चमच्यानें मोजून घातलें, आजी. आधींच्या दोन खेपांना नाहीं मोजलें. तें ‘काय चुकलें’मध्यें लिहायचें राहिलें.” आणि तिनें तेथल्या तेथें तें लिहिलें.

“बरें. मग वर आकाशांतसुद्धां मुगाचीं मुळें अशींच जात असतील?”

“तें ह्यावरून नाहीं सांगतां येत, आजी. इथें भार आहेच. आम्हीं फक्त त्याची दिशा फिरवली.”

मीं आयुष्यभर मुलांकडून उत्तरें ऐकलीं. परंतु आपल्या प्रयोगानें काय सिद्ध होत नाहीं, हें इतक्या स्वच्छपणें सांगणारें उत्तर क्वचित् ऐकलें. छत्रपति संभाजीमहाराजांच्या समाधीमुळें आमचें गांव सर्वांस परिचित आहे. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणाऱ्या त्या राजाच्या सान्निध्यांत राहतांना विद्येचें अगत्य आम्हां गांवकऱ्यांस असावें, असें मी नेहमीं म्हणत आलों. त्या रात्रीं तें मला डोळ्यांनीं दिसलें.

म्हणून वाचकहो, आपल्या दारीं उद्यां मुलें अशी वही घेऊन आलीं, तर त्यांस हांकलूं नये, आणि सबंध रक्कम देऊन त्यांची वाटही बंद करूं नये. थोडें द्यावें, आणि देतांना हिशेब मागावा. नुसता पैशाचा नव्हे, चुकांचाही. यशाची हमी कोणीही देऊं शकत नाहीं. भल्याभल्यांचे अग्निबाण फुटतात. परंतु काय झालें तें खरेंखरें सांगण्याची हमी पंधरा वर्षांचें मूलही देऊं शकतें. विद्येच्या नांवानें घेतलेल्या वर्गणीची पावती ती हीच.

माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या घरीं हा अंक जात असेल, तर त्यांच्यासाठीं वर हिशेब दिलाच आहे: जमा १८६, द्विनेत्री १४०, नकाशा ४६, धूमकेतु दिसला नाहीं. उशीर फार झाला, त्याबद्दल क्षमा असावी.

राहतां राहिले मुलांचे ६५ रुपये. तीं परत करूं लागलीं, तर घरोघर सव्वा रुपयाही आला नसता. मुलांनीं मंडळींनाच विचारलें. सर्वांनीं वहिनींकडे पाहिलें. त्या दुधांत वेलदोडा घालीत होत्या. मान वर न करतां म्हणाल्या, “राहूं द्या डब्यांत. आणि पुढच्या खेपेला मेथी लावा. पण पाणी मोजून.”